लवजी नसरवानजी वाडिया : तापीकाठचे जहाजकारागीर

पावसाळ्यात तापीचे पाणी चढले की सिंगणपोरचा कॉजवे वाहतुकीला बंद होतो. मग रांदेरकडून येणाऱ्या मुलांना दूरच्या पुलावरून वळसा घालावा लागतो आणि वर्गात उशिरा येण्याला एक ठरलेले कारण मिळते. ज्या सिंगणपोरच्या नावाने हा कॉजवे ओळखला जातो ते आज शहरात पार मिसळून गेले आहे. १७०२ साली मात्र ते सुरतेबाहेरचे, नदीकाठचे एक खेडे होते. त्याच वर्षी तेथे एका पारशी कुटुंबात लवजी नसरवानजी यांचा जन्म झाला.

वाडिया हे आडनाव आपल्याला कापडामुळे, बिस्किटांमुळे आणि मुंबईतल्या लहान मुलांच्या रुग्णालयामुळे परिचयाचे आहे. पुण्याला शिकायला गेलेल्यांना वाडिया कॉलेजही ठाऊक असते. पण या आडनावाचा मूळ अर्थ जहाज बांधणारा कारागीर असा आहे. गिरणी, कारखाना, कॉलेज हे सगळे फार पुढचे. आधी होती करवत, वाकस आणि सागाची फळी. या अंकात आम्ही त्या मूळ पुरुषाची ओळख करून देत आहोत. सुरतेत राहून सुरतेच्याच या माणसाची माहिती आपल्या मुलांना नसावी, हे आम्हाला खटकत होते.

आज सुरत म्हटले की हिरे, साड्या आणि घारी डोळ्यांसमोर येते. लवजींच्या लहानपणी सुरत म्हटले की जहाज डोळ्यांसमोर येई. हजला जाणारे यात्रेकरू येथून निघत. इराण, अरबस्तान, तांबडा समुद्र अशी व्यापाऱ्यांची गलबते येथून जात. इंग्रजांचे पहिले जहाज १६०८ साली सुरतेच्या बंदरात आले, ते याच भरभराटीच्या ओढीने. डच आणि फ्रेंच यांच्याही वखारी येथे होत्या. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरतेवर स्वारी केली, हा धडा आपल्या मुलांना पाठ असतो. त्या धड्यातली संपत्ती समुद्रावरून येत होती, एवढे मात्र त्यात सांगायचे राहून जाते.

या बंदराला एक खोड होती. तापीच्या मुखाशी वाळूचा दांडा पडलेला. मोठी जहाजे आत येऊ शकत नसत, ती सुवाळीच्या किनाऱ्याला नांगरून उभी राहत आणि माल लहान होड्यांतून वर आणावा लागे. लहान जहाजे भरतीबरोबर नदीत येत. खंभातच्या आखातातली भरती साधी नव्हे. भावनगरकडे ती दहा मीटरपर्यंत चढते, आणि आपल्या तापीतही तिचा जोर चांगला जाणवतो. ज्या मुलांनी डुमसला ओहोटीच्या वेळी समुद्र किती लांब जातो ते पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भरतीचे पाणी बिनमजुरीचा हमाल आहे, तो जहाज उचलून काठावर आणून ठेवतो. पण त्याची वेळ चुकली की पुढच्या उधाणापर्यंत बसून राहावे लागते. लवजी वाढले ते पंचांग आणि पाणी एकत्र पाहणाऱ्या अशा माणसांत.

आता थोडे जहाजांच्या निगराणीविषयी. लवजींचे पुढचे सारे आयुष्य यावर उभे आहे, म्हणून येथे आम्ही जरा थांबणार आहोत.

शिडाचे जहाज बांधणे हे निम्मेच काम असते. पाण्यात उतरल्या दिवसापासून समुद्र त्याला खायला लागतो. बुडाला शेवाळ धरते, मग टणक कवचाचे बारीक जीव चिकटतात आणि त्यांचा खडबडीत थर वाढत जातो. तळव्याला चिखल लागलेला माणूस जसा पळू शकत नाही, तसे हे जहाज वाऱ्यावर असूनही रेंगाळते. याहून वाईट शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा. बाहेरून फळी शाबूत दिसते आणि आतून तिची चाळणी झालेली असते. वरच्या बाजूला ऊन असते. उन्हाने फळ्या सुकतात, फटी उघडतात, दोर कुजतात, शिडे विरतात.

म्हणून पश्चिम किनाऱ्यावर वर्षाचा एक ठराविक क्रम होता, आणि लहान होड्यांच्या बाबतीत तो अजून काही ठिकाणी पाहायला मिळतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून दर्या उघडायचा. दसऱ्या-दिवाळीपासून आकाश निवळते, रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो, आणि या दोन वाऱ्यांच्या आधाराने किनाऱ्याकिनाऱ्याने ये-जा चालते. उन्हाळ्यात वायव्येचा वारा जोर धरतो. वैशाख संपता संपता नैऋत्येकडे ढग दिसू लागले की शहाणा तांडेल होडी किनाऱ्याला घेतो. मोठ्या भरतीला ती वर ओढायची, डोलकाठी उतरवायची, शिडे धुऊन वाळवून घरात ठेवायची आणि वर झापांचे छप्पर शाकारायचे. मग पावसाळाभर सुताराचे काम. कुजलेली फळी काढून नवी बसवायची. फटींतला जुना कापूस काढून नवा ठासायचा आणि त्यावर राळ व तेल यांचे मिश्रण भरायचे. बुडाखाली गवताचा जाळ करून चिकटलेली घाण शेकून काढायची आणि चुना व तेल मळून केलेला जाड लेप द्यायचा. किडा त्या लेपाला तोंड लावत नाही. वरच्या फळ्यांना माशाचे तेल चोळायचे. वास असा की शेजारचे लोक नाक धरतात, पण लाकूड त्याने टिकते.

सुरतेच्या कारागिरांची खासियत फळ्या जोडण्यात होती. युरोपात फळीला फळी नुसती टेकवून मधल्या फटीत काथ्या ठासत. येथे एका फळीच्या कडेला खाच पाडून दुसरीची कड तीत बसवत, मध्ये राळेत भिजवलेला कापूस घालत, आणि दोन्ही कडा तंतोतंत बसतात की नाही हे पाहण्यासाठी एका कडेला लाल रंग लावून फळी टेकवून बघत. रंग जेथे उठला नाही तेथे सांधा बसला नाही, मग पुन्हा रंधा. हे काम वेळखाऊ खरे, पण अशा जोडणीचे, डांगच्या जंगलातल्या सागाचे जहाज पिढ्यान्‌पिढ्या चाले. अठराव्या शतकात येथे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी सुरतेच्या जहाजांच्या टिकाऊपणाचे नवल नोंदवून ठेवले आहे. त्यांच्याकडची ओकच्या लाकडाची जहाजे त्या मानाने लवकर कुजत.

या कामात लवजी मुकादमाच्या हुद्द्यापर्यंत चढले. त्यांचे मालक धनजीभाई नावाचे जहाजबांधकाम करणारे होते. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी मुंबईहून सुरतेत आला. कंपनीला क्वीन नावाचे एक जहाज बांधून हवे होते आणि ते काम धनजीभाईंकडे आले. डडली रोज कामावर येऊन पाही. हळूहळू त्याच्या लक्षात आले की प्रत्यक्ष काम ज्याच्या हाताखाली चालले आहे तो हा तेहतीस वर्षांचा मुकादम आहे. मुंबईला कंपनी स्वतःची जहाजबांधणीची जागा उभी करण्याच्या विचारात होती. डडलीने लवजींना मुंबईला येण्याचा आग्रह धरला आणि बढतीची लालूच दाखवली.

लवजींनी नकार दिला. हाती घेतलेले जहाज अर्धे टाकून मालकाला सोडून जाणे त्यांना मान्य नव्हते. क्वीन पुरे झाले, ताब्यात दिले गेले, आणि त्यानंतरच, १७३६ साली, लवजी आपल्याबरोबर मोजके कारागीर घेऊन मुंबईला निघाले. कुटुंब त्यांनी नंतर नेले.

हा प्रसंग कंपनीच्याच लोकांनी लिहून ठेवला आहे आणि तो नेहमी लवजींच्या प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. तो आहेच. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अर्धवट जहाज म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पावसाळ्याआधी ज्याच्या फळ्या मिटल्या नाहीत, ते जहाज पुढच्या हंगामात जळणाच्या कामाचे उरते. मालकाचे नुकसान तर होतेच, शिवाय चांगल्या लाकडाची माती होते.

मुंबई तेव्हा फार मोठी नव्हती. कंपनीने आपले मुख्य ठाणे १६८७ मध्ये सुरतेहून तेथे हलवले होते खरे, पण व्यापाराचा खरा जीव अजून सुरतेतच होता. मुंबईकडे एकच गोष्ट होती जी सुरतेकडे नव्हती : खोल, आडोशाचे, वाळूच्या दांड्याने न अडलेले बंदर. कारागीर आणि लाकूड दोन्ही बाहेरून आणावे लागे. लवजींना पहिली काही वर्षे लाकडाच्या शोधात उत्तरेकडे हिंडावे लागले. जंगलातल्या व्यापाऱ्यांशी सौदे करून सागवान मिळवायचे, ते मुंबईपर्यंत पोहोचवायचे आणि वापरण्याआधी पुरेसे मुरू द्यायचे. ओले लाकूड वापरले तर दोन पावसाळ्यांत सांधे सुटतात. साहेबाला घाई असते, लाकडाला नसते.

आणि साहेबाला घाई असायला कारण होते. येथे आपल्याला, म्हणजे मराठी घरांतल्या वाचकांना, थोडे अडखळायला होईल. मुंबईच्या इंग्रजांना त्या काळी सर्वांत मोठी धास्ती होती ती मराठ्यांची. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले होते, पण त्यांच्या मुलांचे आरमार कोकण किनाऱ्यावर हुकमत गाजवत होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि मराठे मुंबईच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. समुद्रावरची लढाई त्या काळी पुष्कळदा निव्वळ शर्यत असे. आंग्र्यांची गलबते हलकी, उथळ बुडाची. वारा पडला की वल्ह्यांवर चालणारी. कंपनीची जहाजे जड आणि तोफांनी भरलेली. त्यातून बुडाला वर्षभराची घाण चढली असेल तर गलबत मजेत निसटून जाई, किंवा घेरून तोफांच्या तोंडी देई. ज्याचे बूड स्वच्छ त्याचे जहाज वेगवान, इतका तो सरळ हिशेब होता. लवजींच्या हाताखाली निगा राखलेली जहाजे अशा वेळी आपल्या माणसांच्या पाठीवर जात होती. हे झाकून लवजींचा गौरव करणे आम्हाला बरे वाटत नाही. मात्र इतिहास सरळ दोन बाजूंचा नसतो, हेही मुलांनी ध्यानात घ्यावे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले तेव्हा मुंबईहून आलेल्या इंग्रजांच्या बरोबरीने जमिनीवरून पेशव्यांची फौज त्या मोहिमेत होती.

मुंबईतले लवजींचे सर्वांत मोठे काम म्हणजे कोरडी गोदी. आपल्या किनाऱ्यावर जहाज दुरुस्तीची जुनी पद्धत चिखलातल्या गोदीची होती. उधाणाच्या भरतीला जहाज काठावर खणलेल्या खड्ड्यात घ्यायचे, तोंडाला मातीचा बांध घालायचा, पाणी काढायचे आणि काम संपले की बांध फोडायचा. लहान जहाजाला हे चालते. मोठे जहाज चिखलात वाकडे बसले तर त्याचा कणाच मोडतो. दुसरी रीत म्हणजे जहाज पाण्यातच एका कुशीवर कलते करून उघडी पडलेली बाजू साफ करायची, मग दुसऱ्या कुशीवर. यात जहाजाला फार ताण बसतो आणि अगदी तळाचा भाग नीट हाती लागत नाही.

कोरडी गोदी ही त्याच देशी युक्तीची दगडात बांधलेली, पक्की आवृत्ती म्हणता येईल. खोल, लांबट दगडी हौद, समुद्राकडे दरवाजे. उधाणाला दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचे आणि मधोमध ठोकळ्यांवर बसेल असे दोरांनी धरून ठेवायचे. ओहोटीबरोबर पाणी उतरते, जहाज ठोकळ्यांवर टेकते, दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू लावायचे आणि दरवाजे बंद करून उरलेले पाणी उपसायचे. आता कारागीर सबंध बुडाखालून कोरड्या पायांनी फिरू शकतो. मुंबईच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटर वरखाली होते, म्हणून हे शक्य झाले. ज्या माणसाचे बालपण तापीच्या भरतीकडे पाहण्यात गेले, त्याला हे नवे नव्हते.

पहिली गोदी १७५० साली पुरी झाली. तिच्यामागे दुसरी १७६२ मध्ये आणि तिसरी १७६५ मध्ये झाली, एकापुढे एक अशा. आशियातली पहिली कोरडी गोदी असा तिचा उल्लेख सर्वत्र आढळतो. आम्ही तेवढ्या खात्रीने तसे लिहिणार नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटनच्या खाडीवर खडकात कोरलेली आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आजही पाहायला मिळते, आणि आपल्या अहमदाबाद जिल्ह्यातल्या लोथलचा वाद तर सर्वांना माहीत आहे. पहिली कोणती, हा मान त्यांनी आपसांत वाटून घ्यावा. लवजींच्या गोदीचे वेगळेपण असे की ती बांधल्यापासून वापरात राहिली आणि मुंबईच्या नौदल गोदीच्या आवारात ती अजूनही आहे.

या गोदीने काय साधले ते कळण्यासाठी जरा पूर्व किनाऱ्याकडे जावे लागेल. इंग्रज आणि फ्रेंच यांची लढाई तेव्हा मद्रास-पाँडिचेरीच्या बाजूला चालली होती. तेथे दिवाळीच्या सुमारास ईशान्येचे वादळी पावसाळे येतात आणि त्या सबंध किनाऱ्यावर मोठ्या जहाजाला आसरा म्हणून नाही. १७५८ साली दोन्ही आरमारे दोनदा भिडली आणि दोघांचीही जहाजे खिळखिळी झाली. हंगाम पालटताच दोघांनाही दुरुस्तीसाठी निघून जावे लागले. फ्रेंच आरमार गेले थेट मॉरिशसला, भर समुद्रातून हजारो मैल. इंग्रजांचा आरमारप्रमुख पोकॉक आला मुंबईला. एका बाजूला सागवान, कारागीर आणि कोरडी गोदी. दुसऱ्या बाजूला एक दूरचे बेट, जेथे धान्याचीही टंचाई. पुढच्या हंगामात कोण आधी आणि कोण धडधाकट परतणार, ते येथेच ठरत होते. इतिहासाच्या पुस्तकात सेनापतींची नावे येतात. बुडाला लेप देणाऱ्यांची येत नाहीत.

अडतीस वर्षे लवजींनी मुंबईत हे काम केले. कंपनीचे गव्हर्नर आले आणि गेले, युरोपातल्या लढायांप्रमाणे मित्र-शत्रू बदलले, आणि गोदीतला वर्षाचा क्रम तसाच चालू राहिला. पावसाळ्यात जहाजे आत, ऑक्टोबरात बाहेर. स्वतःच्या घरातल्या मुलांनाही त्यांनी वरच्या जागेवर बसवले नाही. फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी हे त्यांचे दोन नातू १७७१ साली गोदीत रुजू झाले, ते महिना बारा रुपयांवर, साधे सुतार म्हणून. आजोबा मुख्य कारागीर, दोन मुले हाताशी, आणि नातवंडे इतर कामगारांच्या रांगेत रंधा मारताहेत, असे ते दृश्य असणार.

१७७४ साली लवजी वारले तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. एवढ्या मोठ्या कारभाराचा मुख्य असलेल्या माणसाने मागे ठेवले एक घर आणि वीस हजारांहून कमी रुपये. कंपनीचे कारकून त्या काळी काही वर्षांत गडगंज होऊन विलायतेला परतत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. लाकडाची खरेदी ज्याच्या सहीने होते, त्याला पैसे खायच्या वाटा थोड्या नसतात.

त्यांच्यामागे माणेकजी आणि बमनजी या मुलांनी काम सांभाळले, आणि नंतर ते बारा रुपये पगाराचे नातू पुढे आले. जमशेटजींच्या काळात घराण्याची कीर्ती इंग्लंडपर्यंत गेली. ब्रिटिश नौदलाने आपल्या युद्धनौका मुंबईत बांधून घ्यायला सुरुवात केली. १८१० मध्ये मिंडेन ही मोठी युद्धनौका पाण्यात उतरली, १८१३ मध्ये कॉर्नवॉलिस. या कॉर्नवॉलिसवरच १८४२ साली इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. १८१७ साली बांधलेली ट्रिंकोमाली तर अजून आहे. इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी तिची बरीच वर्षे डागडुजी चालली आणि आज ती ब्रिटनची पाण्यावर तरंगती असलेली सर्वांत जुनी युद्धनौका आहे. आपल्याकडचा साग, वाडियांचे सुतार आणि पुढच्या दोनशे वर्षांची निगा, या तिन्हींचे हे फळ. यातले एक जरी कमी पडले असते तरी ती केव्हाच मोडीत निघाली असती. त्याच घराण्यातले अर्देशीर करसेटजी १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले, पण त्यांचे क्षेत्र वाफेचे यंत्र. शिडांचा काळ तोवर उताराला लागला होता.

आणि सुरत? लवजी गेले म्हणून सुरत बुडाली असे कोणी म्हणणार नाही. नदी गाळाने भरत गेली, मोगलांची सत्ता ढासळली, व्यापारी एकेक करून मुंबईला गेले. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. तरीही आम्हाला राहून राहून वाटते की १७३६ साली मुंबईला निघालेल्या त्या मोजक्या कारागिरांबरोबर या शहरातले काहीतरी निघून गेले, जे मोजता येत नाही. पोटासाठी गाव सोडून दुसऱ्या शहरात कसब नेणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी घरांचे वाडवडील असेच हातातले काम घेऊन तापीकाठी आले. लवजी याच वाटेने उलट दिशेला गेले होते.

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला जाणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. नौदलाची गोदी सर्वांना आत जाऊन पाहता येत नाही. पण गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलात, तर सुटताना डाव्या हाताला पाहा. राखाडी युद्धनौका उभ्या दिसतील, तेच ते आवार. त्याच पाण्यात, ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत, हौशी लोकांच्या शिडाच्या होड्याही दिसतात. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शर्यती लागतात. तेथला एक यॉट क्लब १८४६ सालापासूनचा आहे. या होड्या आता बहुतेक फायबरच्या असतात, त्यांना किडा लागत नाही, पण बुडाला शेवाळ लागायचे चुकत नाही. शर्यतीआधी मालक पाण्यात उतरून बूड घासतात, फाटलेली शिडे शिवून घेतात, आणि पाऊस जवळ आला की होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात.